एक सूप कोंडा

गुरुवारी माझ्या गळ्यातली गाठ काढायची होती आणि सोमवारी सकाळी आईने जेवण सोडलं. आदळआपट करून नव्हे. ते मला जमतं, तिला नाही. तिने भाकऱ्यांची टोपली झाकली, ओट्यावर जाऊन बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या नावानं कापायला जाशील तर परत यायची नायस तू. मंग माझ्या तोंडात अन्न कशाला?"

'ते नाव' म्हणजे माझं आताचं नाव. दोन वर्षांपूर्वी मी ते रीतसर बदलून घेतलं. राजपत्रात छापून आणलं, आधार कार्डावर चढवलं, कल्याणच्या ज्या कार्यालयात मी कारकून आहे तिथे टेबलावर त्या नावाची पाटी लावली. हॉस्पिटलच्या कागदांवरही तेच होतं. त्याआधी चव्वेचाळीस वर्षं मी कोंडाबाई होते.

हे नाव आता कोणी ठेवत नाही, म्हणून सांगायला हवं. भात भरडलं की तूस वेगळं होतं, तांदूळ सडला की वर जो भुगा निघतो तो कोंडा. म्हशीपुढे टाकायचा, कोंबड्यांना घालायचा. आमच्या शहापूर-मुरबाडकडे ज्या घरात मुलं जगत नसत तिथे एक रीत होती. पुढचं मूल जन्मलं की पाचव्या दिवशी त्याला सुपात घालून परसातल्या उकिरड्यावर ठेवायचं. परक्या घरच्या बाईने ते 'सापडलं गो' म्हणत उचलून न्यायचं आणि दिवेलागणीला आईला विकत द्यायचं. मोल म्हणून एक सूप कोंडा. हेतू इतकाच, की मुलं न्यायला जे कोणी येतं त्याला वाटावं, हा तर कचरा, हा कशाला उचला. दगडू, धोंडू, केरू, भिकी ही सगळी याच जातकुळीतली नावं. लोक त्यांना हसतात. त्या प्रत्येक नावामागे दोन-तीन लहान खड्डे असतात, ते मात्र कोणाला दिसत नाहीत. माझ्या आधीही तिघं गेली होती.

हे शहाणपण मला आता सुचतंय. शाळेत असताना सुचत नव्हतं. हजेरीच्या वेळी गुरुजी 'कोंडाबाई' म्हणाले की मागच्या रांगेतून कोंबड्यांना बोलवायचा आवाज यायचा, "आ आ आ!" मी 'हजर' म्हणणं सोडून दिलं. नुसता हात वर करायचे. तोंड उघडलं की हसू दुप्पट होतं, हे मी दुसरीतच शिकले होते.

आणि या सगळ्याचा राग मी आईवर काढला. कारण बाप तसा नव्हता. तो रेल्वेत गँगमन होता, आटगावच्या रुळांवर हातोडा घेऊन फिरायचा. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते; बापाने त्यापुढे जाऊन नवस, उतारे, गंडेदोरे सगळंच उंबऱ्याबाहेर काढलं. मी नववीत असताना तो एकदा मला म्हणाला होता, "तुझं नाव मी वेगळं ठरवलेलं. उपाशी बुद्धाला जिनं खीर दिली, तिचं." ते नाव बौद्धवाडीत दर चौथ्या घरात सापडेल. मला मात्र ते मिळालं नाही, कारण आईने त्याच्या पाठीमागे मला उकिरड्यावर ठेवलं आणि तो कामावर असताना शाळेत नेऊन कोंडाबाई लिहून आली. अशी माझी समजूत. बापाने ते नाव आयुष्यात एकदाही घेतलं नाही. तो मला 'बाय' म्हणायचा. जेवायला चल बाय, रडू नको बाय. तो गेल्यावर सहा वर्षांनी मी त्याचं नाव घेतलं, म्हणजे त्याने ठरवलेलं. उशीर माझाच. नोकरी, लग्न, मूल यांत राहून गेलं.

आई तेव्हा भांडली नाही. एवढंच म्हणाली, "असं परस्पर सुटत नाय ते. जिनं इकलं तिच्या सुपात पोरीनं आपल्या हातानं कोंडा घालायचा, आन तिनं तोंडानं बोलायचं, आता तुझी तू. मंग नाव सुटतं." मी हसले होते. त्या दिवसापासून तिने मला कोणत्याच नावाने हाक मारली नाही. नुसतं 'अगो'. नावं न घेण्यात ती पटाईत आहे म्हणा. नवऱ्याचं नाव तिने उभ्या जन्मात घेतलं नाही; रेशनच्या दुकानात विचारलं तर मला पुढे ढकलायची आणि मी सांगायचे.

मग या हिवाळ्यात वेणी घालताना गळ्याला गाठ लागली. डॉक्टर म्हणाले, काढून तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही. आईला मात्र सगळं सांगता येत होतं. तिने तोंडाने 'मी बोललेली' असं म्हटलं नाही, पण घरात चालताना तिची पावलं तेच म्हणत होती.

सोमवारी मी तिच्यावर तोंडसुख घेतलं. मी घाबरले की भांडते. म्हटलं, "तुझ्या कोंड्यानं जगले का मी? तू आणि तुझी ती रीत! माझ्या बापानं सगळं सोडलं, तुला सोडवेना." ती दुपारी जेवली नाही, रात्री जेवली नाही. पंच्याहत्तरीची बाई, रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी घेतलेली. मंगळवारी सकाळी उठून मोरीपर्यंत गेली तर तिने भिंत धरली. माझ्या नवऱ्याने मला बाजूला घेतलं. "एक दिवस त्या विकणाऱ्या बाईकडे जाऊन या ना. तुझं काय जातंय?"

माझं काय जात होतं ते त्याला सांगून कळलं नसतं. मलाही भीती वाटायला लागली होती. टेबलावर निजवतील, तोंडावर मास्क धरतील आणि माझ्या डोक्यात शेवटचा विचार तिच्या शापाचाच असेल, असं वाटत होतं. शिकलेल्या बाईने असं घाबरू नये, हे मी रोज आरशात स्वतःला सांगत होते. शेवटी अडला हरी गाढवाचे पाय धरी. यात गाढव कोण हे ठरवायला वेळ नव्हता.

मला विकणारी बाई अजून हयात होती. आमच्या शेणव्याच्या बौद्धवाडीला लागून तिच्या घराचं परसू होतं. कुणबी घर, आमच्यापेक्षा खात्यापित्याचं. नव्वदीला टेकलेली ती आता धसईला मुलीकडे असते. फोन केला तर मुलगी म्हणाली, "या, पन आयचा भरवसा नाय. कधी वळखते, कधी नाय वळखत." ते ऐकून आईचा चेहरा उतरला. म्हातारीने ओळखलंच नाही तर 'तुझी तू' म्हणणार कोण? परवा गुरुवार.

कोंडा मिळणंही सोपं राहिलेलं नाही. गिरणीवाला म्हणाला, सगळा पोल्ट्रीवाले पोत्यांनी उचलतात. तरी त्याने पिशवीभर झाडून दिला. "कोंबड्या पाळल्या काय ताई?"

"एकच आहे," मी म्हटलं. "शेहेचाळीस वर्षांची."

टमटमने किन्हवली, मग सरळगाव, तिथून दुसऱ्या गाडीने धसई. आईने कोंड्याची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. मी केळी घेतली, तिने मान फिरवली. मी पाण्याची बाटली पुढे केली, तिने एक घोट घेऊन परत दिली. वळणावर तिचं डोकं माझ्या खांद्यावर आपटत होतं आणि ती लगेच सरळ होत होती. मी मनात हिशोब मांडत होते, की हिला इथेच चक्कर आली तर जवळचा दवाखाना कुठला.

म्हातारी पडवीत खाटेवर बसली होती, पाय खाली सोडून. डोळे निळसर झालेले. मुलीने कानाशी जाऊन सांगितलं, "आये, शेणव्याशी आल्यात. बौद्धवाडीतल्या." म्हातारीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग अंगणातल्या कोंबड्यांकडे. आई पुढे झाली. "वैनी, मी गो. गँगमनची बायको. तुमी माझी पोर घेतलेली उकिरड्यावरून."

म्हातारी पायाची बोटं हलवत बसली. आईने मला खूण केली. मी मुलीकडून सूप मागून म्हातारीच्या पुढ्यात ठेवलं आणि पिशवीतला कोंडा त्यात ओतला. आई हात जोडून म्हणाली, "वैनी, कोंडा घ्या. येवढं तोंडानं बोला. पोरीचं परवा आपरेशन हाय."

म्हातारीने बोटांच्या चिमटीत कोंडा घेतला, चोळला, नाकाशी नेला. मग सूप दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवलं.

"हा माझा नाय," ती म्हणाली. "कोंड्याचा सौदा झालाच नाय."

आई मटकन खालीच बसली. मला वाटलं चक्कर आली. धरायला गेले तर तिने माझा हात झटकला. ती म्हातारीकडे बघत होती. शेहेचाळीस वर्षं ज्या फळीवर उभं राहायचं तीच कोणी ओढून घ्यावी, तसं तिचं तोंड झालं होतं.

"वैनी, असं काय बोलता? तुमीच आलेलात ना सांगायला, सौदा पुरा झाला म्हून? पडवीतलं सूप तुमीच उचलून नेलंत माझ्यादेखत."

"नेलं ना. कोंबड्यांनी खाल्ला तो." म्हातारीचा आवाज एकदम साफ झाला होता. "तुझ्या नवऱ्यानंच सांगितलेलं, तसं बोल म्हून."

मग तिने सांगितलं. मधे थांबत, मुलीकडे पाणी मागत, पण सरळ सांगितलं. तिने मला उकिरड्यावरून उचलून आणलं, पण घरात नेलं नाही. "सासू होती ना गो. तुमची पोर घरात कशी नेनार? ओट्यावरच ठेवलेली सुपात." दिवेलागणीला आमच्या घरी परत न्यायचं ठरलं होतं. पण बाप त्या दिवशी कामावरून लवकर आला. घरात पोर नाही, बाळंतीण रडतेय. पोर कुठे आहे ते त्याने तिच्याकडून काढून घेतलं आणि तसाच म्हातारीच्या दारात गेला.

"येवढा तापलेला! मला बोलला, वैनी, माझी पोर तुमच्या ओट्यावर कशाला? आन उचलायलाच आला. मी आडवी झाले. म्हटलं, फुकट नेशील तर मरंल, आन माझ्या माथी येल. तीन गेलीत तुझी. चौथी माझ्या दारातून नको. तर थांबला. सुपाकडं बघत उभा राह्यला. मग गेला आन आला तो मडकं घेऊन. मला वाटला कोंडा आनला. तर तांदूळ. सगळं मडकं रिकामं केलं माझ्या दुसऱ्या सुपात."

म्हातारी त्याला म्हणाली होती, अरे, तांदूळ दिलास तर ती मोलाची होते, मोलाच्यालाच नजर लागते, कोंडा आण. तर म्हणे बाप हात जोडून म्हणाला, "वैनी, मोल घ्या, पोर द्या. पन कोंडा मी घालनार नाय. माझी पोर कोंड्याची नाय." आणि मला उचलून दाराबाहेर गेल्यावर पुन्हा वळला. "बायकोला सांगा, कोंडाच मिळाला. तिला कळलं तर तिचा जीव जाईल भीतीनं. आन दुसऱ्या कुनाला बोलू नका."

"कोरडं धान्य तुमच्या घरचं चालत होतं आमाला, शिजवलेलं नाय," म्हातारी म्हणाली. "शिजवून खाल्ला आमी. सासूला सांगितलं नाय कुठला ते."

मी भिंतीला टेकून उभी होते. मला रडू यायला हवं होतं, पण पहिल्यांदा आला तो संताप. बापाचा. त्या नावाचा मार मी शाळेत, कॉलेजात, कार्यालयात, सासरी, सगळीकडे खाल्ला आणि एका वाक्यात त्याला तो थांबवता आला असता. 'ही कोंड्याची नाही' एवढं घरात मोठ्याने म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही. रीतीला लाथ मारणारा माणूस रीतीसमोर मडकं घेऊन उभा राहिला, कारण चौथं मूल गमवायची भीती त्यालाही होती. आणि मग जन्मभर गप्प बसला, कारण शेजारच्या खाटेवर झोपणारीची भीती त्याला माझ्या लाजेपेक्षा मोठी वाटली. तेव्हा तिथे उभं राहून मला हे काही इतकं नीट कळलं नाही. तेव्हा फक्त त्याचे हात आठवले, खरबरीत, ऑईलच्या वासाचे.

"घुशी," आई अचानक म्हणाली.

आम्ही सगळ्या तिच्याकडे बघायला लागलो.

"माझ्या बाळंतपणाला ठेवलेला तांदूळ होता तो. मडकंभर. घरात तेवढाच. दुसऱ्या दिवशी पेज करायला बघते तर मडकं रिकामं. मला बोलला घुशी लागल्या. माझ्यासमोर कोपऱ्यातलं भोक दगडमातीनं बुजवलं त्यानं! मी म्हनाले, घूस मडक्याचं झाकन कशी काढंल? तर बोलला, लई हुशार झाल्यात हल्ली." ती हसायला लागली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून रडायला लागली. "महिनाभर नाचणीची पेज प्यायले मी. त्यानंच ढवळून दिली रोज. आन मी त्या घुशीला शिव्या घालत होते, इतकी वर्सं."

म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तांदूळ देऊन पन जगली ना गो. बघ केवढी बाई झाली ती. तुझी रीत काय करनार आता?"

आईने डोळे पुसले, कोंड्याच्या सुपाकडे पाहिलं, मग अंगणात. "कोंबड्यांना घाला तो," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, खालच्या आवाजात, "घरात खायला काय हाय काय गो?"

म्हातारीच्या मुलीने तिला हाताला धरून आत नेलं, स्वयंपाकघरात, चुलीशेजारी पाट दिला. भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण. आई दोनदा भात मागून जेवली. मी पडवीतच बसले. गुरुवार तसाच पुढे उभा होता. आईचं काय ते मिटलं होतं. माझी गाठ जागेवरच होती.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून धसईची भाताची खाचरं बघत होती. सरळगावला गाडी बदलताना मी म्हटलं, "आता तरी हाक मारशील ना नावानं?" ती म्हणाली, "बघू." बुधवारभर ती मला 'अगो' म्हणत राहिली आणि मी पुन्हा चिडले.

गुरुवारी ठाण्याला त्यांनी मला आत नेलं तेव्हा मला आई दिसली नाही. ती कुठे गेली म्हणून मी मान वळवली, तोवर दार लागलं. गाठ साधी निघाली, हे आठ दिवसांनी रिपोर्ट आल्यावर कळलं. त्या सकाळी ते कोणालाच माहीत नव्हतं. छतावरचे गोल दिवे बघत मी आकडे म्हणायला लागले आणि चारच्या पुढे गेले नाही.

पुढचं आठवतं ते आवाजाने. पापण्या उघडत नव्हत्या. कोणीतरी माझ्या गालावर टिचक्या मारत होतं. जवळच आई म्हणत होती, "अगो. अगो, उठ ना." मला ऐकू येत होतं, पण खूप खालून, आणि वर यावं असं वाटत नव्हतं.

"आजी, असं नको," एक मुलगी म्हणाली, नर्स असावी. "नाव घेऊन मोठ्याने हाक मारा. पूर्ण नाव. नावाला माणूस जागं होतं."

पलीकडे कोणाची तरी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज येत होता. मग आईने घसा साफ केला. तिने माझं नाव घेतलं, खीर देणारीचं, नीट, एकेक अक्षर. कागदावर त्याच्यापुढे माझ्या नवऱ्याचं नाव होतं. आईने ते घेतलं नाही. तिने माझ्या बापाचं नाव घेतलं. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा.

मी डोळे उघडले. गळ्यातून आवाज निघत नव्हता. म्हणून मी हात वर केला.